कालव्याची पाळी, कूपनलिकेची मालकी

भाताची लावणी कोणत्या तारखेला सुरू करावी, हे शेतकऱ्याला कायद्याने बजावणारी राज्ये आपल्या देशात दोनच असावीत, पंजाब आणि हरियाणा. पंजाबात २००८ मध्ये त्यासाठी वटहुकूम निघाला आणि २००९ मध्ये त्याचे रीतसर भूजल संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. १० जूनपूर्वी लावणी करायची नाही, केल्यास उभे पीक मोडून काढण्याचा अधिकार कृषी अधिकाऱ्याला, असा तो कडक कायदा. पुढे ही तारीख १५ जून झाली, २०१८ मध्ये २० जूनपर्यंत गेली, आणि त्यानंतर मात्र ती मागे येऊ लागली. २०२५ च्या हंगामात राज्य सरकारने विभागवार टप्पे पाडून १ जूनपासूनच लावणी खुली केली. उशिरा कापलेल्या भातात ओलावा जास्त राहतो, बाजार समितीत माल नाकारला जातो, शेतकऱ्याला दिवसेंदिवस ढिगावर बसून राहावे लागते, अशी कारणे देण्यात आली. ती खोटी नाहीत. पण ज्या हेतूने हा कायदा झाला, त्या हेतूचे काय झाले, हा प्रश्न विधानसभेच्या बाहेर फारसा कोणी विचारला नाही.

वीस दिवसांच्या फरकाने असे काय बिघडते, असे दूरस्थ वाचकाला वाटणे साहजिक आहे. जूनच्या आरंभी पंजाबच्या मैदानात पारा चाळिशीच्या पुढे असतो, हवा कोरडी असते आणि पाऊस यायला तीन-चार आठवडे अवकाश असतो. अशा वेळी चिखलणी केलेल्या शेतात साचवलेले पाणी उन्हात उडून जाते आणि ते भरून काढण्यासाठी पंप चालत राहतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार संपूर्ण देशात उपसायोग्य भूजलापैकी सुमारे ५९ टक्के पाणी दरवर्षी काढले जाते. पंजाबात हेच प्रमाण सुमारे १६४ टक्के आहे. राज्यातील १५३ तालुकास्तरीय घटकांपैकी ११७ ‘अतिउपसा’ या वर्गात मोडतात. म्हणजे वर्षाला शंभर रुपये उत्पन्न असलेल्या घराने एकशे चौसष्ट रुपये खर्च करावेत आणि वरचे चौसष्ट आजोबांच्या ठेवीतून काढावेत, तसा हा व्यवहार आहे.

शाश्वत भविष्याची चर्चा आपल्याकडे बहुधा नागरिकाच्या सद्वर्तनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ‘पर्यावरणपूरक जीवनशैली’ची कल्पना मांडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडिया येथे त्या नावाच्या मोहिमेचा आरंभ झाला. नळ बंद करा, दिवे मालवा, कापडी पिशवी वापरा, हा तिचा सूर. त्यात आक्षेपार्ह काही नाही. संविधानातील अनुच्छेद ५१क हाही नागरिकाला हेच सांगतो की वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण हे तुझे मूलभूत कर्तव्य आहे. परंतु हे कर्तव्य १९७६ च्या ज्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४८क सुद्धा आणला आणि पर्यावरणाच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. दोन्ही कलमे जुळी भावंडे आहेत. व्यासपीठांवर मात्र एकाचेच नाव घेतले जाते.

पंजाबचे उदाहरण या एकांगीपणावरचा चांगला उतारा आहे, कारण तिथे वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदारीची सीमारेषा कुठे पुसली गेली हे कागदोपत्री दाखवता येते.

भात हे पंजाबचे पारंपरिक पीक नव्हे आणि पंजाबी माणसाचे रोजचे अन्न तर नव्हेच. १९६०-६१ मध्ये या राज्यात भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती ३० लाख हेक्टरांच्या वर आहे. मधल्या काळात जे घडले ते देशाच्या सांगण्यावरून घडले. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षे, अमेरिकेच्या पीएल-४८० कराराखाली येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेली दिल्ली, आणि मदतीचा हात कधी आखडला जाईल याची धास्ती. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. आधी गहू आणि मागोमाग भात. हमीभाव आणि त्या भावाने संपूर्ण मालाची खात्रीशीर खरेदी, ही जोडगोळी देशात इतक्या परिपूर्ण रूपात पंजाब-हरियाणाइतकी क्वचितच कुठे लाभली. शांता कुमार समितीने २०१५ मध्ये नोंदवले की देशातील सुमारे सहा टक्के शेतकऱ्यांनाच हमीभावाने सरकारला माल विकता येतो. त्या सहा टक्क्यांत पंजाबच्या भातउत्पादकाचे स्थान अगदी पुढचे आहे.

त्यानंतर आली फुकट वीज. कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी करण्याची पद्धत सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक राज्यांनी स्वीकारली होती. लाखो पंपांचे मीटर वाचत हिंडण्याचा खर्च वाचतो, हे तिचे समर्थन. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला या युक्तिवादातील दुसरी सोयही दिसते. मीटर नसला की कृषिवापर किती हे कोणालाच ठाऊक नसते, आणि मग शहरातील चोरी नि गळतीही बिनबोभाट शेतकऱ्याच्या खात्यावर टाकता येते. १९९७ मध्ये पंजाबने उरलीसुरली ठोक आकारणीही सोडून दिली. २००२ नंतर काही काळ शुल्क पुन्हा लावून पाहिले, २००५ मध्ये ते परत मागे घेतले. त्यानंतर त्या विषयाला हात लावण्याची तयारी कोणत्याही पक्षाने फारशी दाखवलेली नाही. आज शेतीच्या विजेपोटी राज्याच्या तिजोरीवर वर्षाकाठी नऊ हजार कोटी रुपयांच्या घरात बोजा पडतो. कूपनलिका १९७० च्या सुमारास दोन लाखांच्या आत होत्या, आता त्या चौदा लाखांच्या आसपास आहेत.

अशा स्थितीत एखाद्या शेतकऱ्याने आपल्या पाच एकरांत भात लावला, तर त्याला बेजबाबदार म्हणायचे कोणत्या तोंडाने? खरेदीची हमी भाताला, वीज फुकट, बियाणे व यंत्रे भाताची, अडत्याची उचल भाताच्या तारणावर. उलट मका किंवा मूग लावला तर भाव कोसळण्याचा सगळा धोका एकट्याच्या माथी. त्याने पंप बंद ठेवला तरी शेजारचा चालूच राहणार, आणि वाचवलेले पाणी शेजाऱ्याच्या नळीतून वर येणार. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाच्या शोकांतिकेचा जो सिद्धान्त मांडला, त्याला इतके चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. पण हार्डिन यांचे अर्धेच खरे होते, आणि हे पंजाबच्याच मातीत दाखवता येते.

त्याच शेतकऱ्याच्या शेतात दोन प्रकारचे पाणी येते. एक कालव्याचे. त्याची वाटणी ‘वारबंदी’ने होते. आठवड्याचे १६८ तास एका मोघ्यावरील सर्व खातेदारांत जमिनीच्या प्रमाणात वाटलेले असतात. कोणाची पाळी कोणत्या वारी, किती वाजून किती मिनिटांनी सुरू होते आणि केव्हा संपते, हे ठरलेले असते. चारीतून पाणी शेतापर्यंत पोहोचायला लागणारा वेळही ‘भराई’ म्हणून हिशेबात धरतात. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत रात्री दोनला पाळी आली तर शेतकरी घोंगडे पांघरून बांधावर हजर असतो, आणि त्याची वेळ संपली की शेजारी येऊन बारे वळवतो. या व्यवस्थेला १८७३ च्या उत्तर हिंदुस्थान कालवे कायद्याचा आधार होता. तिच्यात चोऱ्या होतात, तंटे होतात, शेवटच्या टोकाचा शेतकरी नेहमीच रडत असतो, हे सगळे मान्य. तरीही दीडशे वर्षे ती टिकली. महाराष्ट्रातील वाचकांना पांझरा आणि मोसम खोऱ्यांतील फड पद्धत ठाऊक असेल. तिथे तर सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीपासून गावकरीच पीक आणि पाळी ठरवत आले.

दुसरे पाणी कूपनलिकेचे. त्याला पाळी नाही, वाटा नाही, मोजमाप नाही. तो मालक, जमीन त्याची, म्हणून खालचे पाणीही त्याचे. या समजुतीची वंशावळ थेट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाते. १८४३ च्या अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल खटल्यात तिथल्या न्यायालयाने ठरवले की जमिनीखाली झिरपणाऱ्या, दिसेनाशा पाण्यावर जमीनमालकाचा अनिर्बंध हक्क आहे. शेजाऱ्याची विहीर आटली तरी दाद नाही. भूगर्भशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. पाणी कुठून येते नि कुठे जाते हे कळत नसल्यामुळे न्यायाधीशांनी हात झटकले, इतकाच त्याचा अर्थ. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात कलम ७ खालील एका उदाहरणाच्या रूपाने येऊन बसले. तो कायदा मुळात मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्गसाठी होता. १८९१ मध्ये तो मुंबई प्रांताला लागू झाला. पंजाब त्या यादीत नव्हता, तरी तत्त्व मात्र देशभर गृहीत धरले गेले. मोटेच्या काळातले हे तत्त्व दहा-पंधरा अश्वशक्तीच्या पाणबुडी पंपाच्या हाती पडले, आणि त्याचा जो निकाल लागायचा तो लागला.

केंद्राने राज्यांसाठी भूजल नियमनाचा नमुना कायदा १९७० मध्येच तयार केला होता. १९९२, १९९६ आणि २००५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पाणी हा राज्यसूचीतील विषय, त्यामुळे केंद्र नमुना पाठवणार आणि राज्ये पोच देणार, असा हा पन्नास वर्षांचा पत्रव्यवहार आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर केंद्रीय भूजल प्राधिकरण अस्तित्वात आले. पण त्याच्या परवान्याच्या जाळ्यातून शेतीचा उपसा मोकळाच ठेवला गेला, आणि देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलातील सुमारे ८७ टक्के पाणी तर शेतीच वापरते. दारात कुलूप आणि मागची भिंतच नाही, असा हा प्रकार.

येथे २००९ च्या कायद्याकडे पुन्हा यावे लागते. त्याने केलेली चलाखी दाद देण्यासारखी होती. पंपाला हात न लावता, वीजबिल न मागता, फक्त तारखेला हात घातला. शेतातले उभे भात लपवता येत नसल्याने अंमलबजावणीही सोपी. परंतु जमिनीखालचे वाचवताना आकाशाचा हिशेब राहून गेला. लावणी पुढे गेली तशी कापणीही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेली. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायची असते. हाती उरतात दोन-तीन आठवडे. कापणी यंत्राने होते आणि ते यंत्र गुडघाभर खुंट मागे ठेवते. मजूर लावून ते काढण्याचा खर्च मोठा, काडेपेटी एक रुपयाची. पूर्वी आग ऑक्टोबरमध्येही लागत होती, पण तेव्हा हवा वाहती असे. आता ती पेटते तेव्हा थंडी सुरू झालेली असते, वारा पडलेला असतो आणि धूर जमिनीलगत कोंडून दिल्लीवर बसतो. दिल्लीच्या विषारी हिवाळ्याला वाहने, धूळ, कारखाने आणि कचरा हेही कारण आहेत, आणि ते बारमाही आहेत. मात्र कॅमेऱ्यांना आग अधिक दिसते.

त्या आगीवर सरकारने काय उपाय केला? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला: दोन एकरांपर्यंत पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा हजार, त्यापुढे तीस हजार रुपये. २०१८ पासून खुंट न काढता गहू पेरणाऱ्या यंत्रांवर अनुदान आहे, वैयक्तिक खरेदीला पन्नास टक्के आणि सहकारी गटाला ऐंशी टक्के. यंत्रे हजारोंनी आली, हे नाकारता येत नाही. पण वर्षातून वीस दिवस चालणाऱ्या यंत्रासाठी कर्ज काढणारा लहान शेतकरी विरळा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये, आग न लावणाऱ्या लहान शेतकऱ्याला क्विंटलमागे शंभर रुपये द्या, असे सांगितले होते. ती रक्कम कोणी द्यायची यावर केंद्र आणि राज्य यांच्यात मग बरेच दिवस टोलवाटोलवी चालली.

पिकांच्या बदलाची शिफारस काही आजची नाही. सरदारासिंग जोहल यांच्या समितीने १९८६ मध्येच गहू-भाताखालील किमान वीस टक्के क्षेत्र इतर पिकांकडे वळवा असे सांगितले होते. त्या वेळी भूजलाची पातळी आजच्या मानाने हातभर अंतरावर होती. हरियाणाने २०२० मध्ये भात सोडणाऱ्यास एकरी सात हजार रुपये देऊ केले. पंजाबने २०२२ पासून चिखलणी न करता थेट पेरलेल्या भाताला एकरी दीड हजार रुपये ठेवले. त्यांपैकी सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना माझ्या मते २०१८ ची ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा द्यायचा, मीटर बसवायचा आणि कोट्यापेक्षा जितके युनिट कमी वापरले त्या प्रत्येकाचे चार रुपये त्याच्या खात्यात जमा करायचे. फुकट वीज काढून घेतली नाही, पण वाचवलेल्या पाण्याला प्रथमच किंमत आली. ती मोजक्या फीडरांपुरती राहिली. एक कारण उघड आहे: मीटर आला की उद्या बिल येईल, ही भीती. ही भीती वेडगळ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी १९०७ चा पंजाब वाचावा. बारी दोआब कालव्याची पाणीपट्टी वाढवणे आणि वसाहत विधेयक या दोन गोष्टींवरून ‘पगडी संभाल जट्टा’ आंदोलन उभे राहिले, अजितसिंग आणि लाला लजपतराय यांना मंडालेला पाठवण्यात आले, आणि शेवटी व्हाइसरॉय मिंटो यांना त्या विधेयकाची संमती रोखावी लागली. पाण्याच्या दराला पंजाबात स्मृती आहे.

जबाबदारीच्या वाटणीत आणखी एक पक्षकार असतो आणि तो चर्चेत हजरच नसतो. केंद्रीय साठ्यातील तांदळापैकी सुमारे एक पंचमांश पंजाबातून येतो आणि तो बिहारपासून महाराष्ट्रापर्यंतच्या रेशन दुकानांत जातो. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबाने पंजाबात एक किलो तांदळामागे पाच हजार लिटरहून अधिक पाणी लागते; पश्चिम बंगालमध्ये त्याच्या निम्मेच. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे. म्हणजे संगरूर आणि बर्नाल्याचे पाणी आपण देशभर जेवतो आणि उरलेले जहाजात भरतो. पंजाबच्या शेतकऱ्याने भात सोडावा असे म्हणणाऱ्याने सार्वजनिक वितरण व्यवस्थेत डाळ आणि भरडधान्ये हमीभावाने घेऊन वाटायची तयारी दाखवली पाहिजे. तशी खरेदी नसेल, तर तो उपदेश फुकटच्या विजेइतकाच फुकट आहे.

सामूहिक शिस्त शक्य आहे याचे दाखले आपल्याकडे आहेत. आंध्र प्रदेशात या शतकाच्या पहिल्या दशकात शेकडो दुष्काळी गावांतील शेतकऱ्यांनी स्वतः विहिरींची पातळी आणि पाऊस मोजला, रब्बीच्या आधी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पीक निवडले. तिथे कायदा नव्हता, दंड नव्हता आणि अनुदानही नव्हते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम पाळला आणि पाण्याच्या ताळेबंदाप्रमाणे पिके ठरवली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी: कुरण सामायिक असले तरी नियम गावाने केले, मोजमाप सर्वांसमोर झाले, तर ते उजाड होतेच असे नाही.

पण हे दाखले पंजाबला जसेच्या तसे चिकटवणारे एक गोष्ट विसरतात. दख्खनचा कातळ पाण्याच्या बाबतीत निष्ठुर आणि प्रामाणिक आहे. त्यात साठा थोडा. यंदा जास्त उपसले तर मार्चमध्ये विहीर कोरडी पडते आणि चूक कोणाची हे गावाला त्याच वर्षी कळते. सिंधू-गंगेच्या मैदानातला गाळ शेकडो मीटर खोल आहे. तिथे पातळी दरसाल थोडी थोडी खाली जाते, पंप मात्र चालूच राहतो, फक्त नळी लांबवावी लागते. जमिनीवरचा साधा पंप सात-आठ मीटरांपलीकडून पाणी ओढू शकत नाही. पातळी त्याखाली गेली की पाणबुडी पंप आला, मग त्याहून मोठा. ज्याच्याकडे पैसा तो खोल जातो. ज्याच्याकडे नाही तो कर्ज काढतो किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो. फुकट विजेचा सर्वांत मोठा लाभार्थी म्हणूनच मोठा पंप असलेला मोठा शेतकरी असतो, आणि तिची किंमत सर्वांत आधी मोजतो तो दोन एकरवाला. इशारा उशिरा मिळणाऱ्या अशा ठिकाणी गावाच्या शहाणपणावर सोपवून राज्याला मोकळे होता येत नाही. मोजमाप त्यालाच करावे लागते, आणि वारबंदीसारखी वाटणी जमिनीखालच्या पाण्यालाही लावावी लागते.

महाराष्ट्राने भूजल कायदा २००९ मध्ये केला. तो जून २०१४ पासून अंमलात आहे. त्याच महाराष्ट्राने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर केली. पंजाबात १९९७ साली सुरू झालेल्या गोष्टीची ही जवळची बहीण आहे, फरक इतकाच की खाली पंजाबसारखा गाळ नसून कातळ आहे. योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंतची. निवडणुकीच्या तोंडावर तिच्या नूतनीकरणाचा विषय निघेल तेव्हा मीटरचे नाव काढणे कोणालाच परवडणार नाही. ज्या पंपांना आज मीटर आहेत त्यांचे मासिक आकडे गावनिहाय प्रसिद्ध करणे, आणि न वापरलेल्या युनिटचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाकणारा पंजाबचा प्रयोग मराठवाड्यातल्या दहा-वीस फीडरांवर करून पाहणे, ही दोन कामे त्याआधीच्या हंगामांत होऊ शकतात. दोहोंसाठी नवा कायदा लागत नाही.